तुम्ही म्हणाल तिथं

महाबळेश्वर की पाचगणी, हा प्रश्न सांगलीकराला दर उन्हाळ्यात पडतो. दोन्ही सातारा जिल्ह्यात, मध्ये जेमतेम २० किलोमीटर. महाबळेश्वर साडेचार हजार फूट, पाचगणी जरा बुटकी. तिथं वेण्णा तलावात होडी, इथं टेबल लँडवर घोडा. म्हणजे पडायचं कशातून, एवढंच ठरवायचं!

खरी पंचाईत निराळीच. मी म्हणतो, "तू म्हणशील तिथं." सौभाग्यवती म्हणतात, "तुम्ही म्हणाल तिथं." ऐकणाऱ्याला वाटावं, काय हा त्याग! आम्ही पडलो बँकेतले. याला आमच्याकडं दुसऱ्याच्या सहीनं कर्ज काढणं म्हणतात. खोली गळकी निघाली, धुक्यात पॉइंट दिसला नाही, की वसुली सही करणाऱ्याकडून! मग निवड दुसऱ्यावर सोपवणं हा मोठेपणा कधी आणि अंग काढून घेणं कधी? माझ्या मते, नंतर कुरकुरण्याचा हक्क ज्यानं आधीच सोडला, त्याचा त्याग खरा. आमच्या घरात तो अजून कुणी सोडलेला नाही.

कृष्णेचं बरंय. क्षेत्र महाबळेश्वरी निघते, पाचगणीच्या खालून, वाईवरून, कुणालाही न विचारता सांगलीत येते. कन्या म्हणते, "मग जायचं कशाला? २०१९ साली महाबळेश्वरच आपल्या जिन्यापर्यंत आलं होतं की!"