सांबराची हाक

आम्हां जसोंडीकरांस बुऱ्हाणपूरचा आहूखाना परका नाही. फारसीत आहू म्हणजे हरीण. तापीपलीकडे जैनाबादेतील मोगलांच्या या मृगोद्यानातच १६३१ साली मुमताजमहलचे प्रथम दफन झाले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापूर्वीचे शिकारी एका कोड्याने चकित होत. वाघाची चाहूल लागताच सांबर पुष्कळदा पळत नाही. पुढचा पाय आपटीत, त्याच्याकडेच तोंड करून मोठ्याने हाक देते. आपला ठावठिकाणा ते शत्रूस का सांगते?

प्राणिशास्त्रज्ञांचे एक उत्तर असे : वाघ दबा धरून झडप घालणारा, आपण दिसलो हे कळले की बहुधा माघार घेतो. म्हणजे हाक स्वतःसाठीच. तथापि ती ऐकून चितळ, वानरेही सावध होतात. मग हे शौर्य म्हणावे की स्वार्थ? आम्हांस ही निवडच फसवी वाटते. परहितासाठी स्वहित बुडालेच पाहिजे, असे कोठे आहे?

शासकीय सेवेत एका चुकीच्या प्रस्तावावर आम्ही मुकाट्याने सही केली. गप्प राहिलो तर सुरक्षित राहू, हा हिशेब. संकट टळले नाही; इतरांस मात्र ते वेळेवर कळले नाही. सांबराचा हिशेब आमच्याहून सरस होता.