न उघडलेली छत्री

मनुष्य आपल्या हातांनीं ज्या वस्तु तयार करतो त्या बहुतेक वापरण्यासाठींच असतात. परंतु कांहीं थोड्या अशा आहेत कीं, त्या वापरण्याचा प्रसंग कधींच येऊं नये अशी त्यांच्या धन्याची इच्छा असते. आकाशांतून उडी घेणाऱ्याच्या पाठीवरील राखीव छत्री ही त्यांपैकीं एक होय. विमानांतून हौसेखातर उड्या मारण्याचा खेळ अमेरिकेंत व युरोपांत आज पुष्कळच रूढ झालेला आहे. खेळाडू सुमारें १३,००० फुटांवर विमानाबाहेर पडतो, जवळजवळ मिनिटभर ताशीं २०० किलोमीटरच्या आसपास वेगानें खालीं येतो, आणि मग मुख्य छत्री उघडून सावकाश जमिनीवर उतरतो. ही मुख्य छत्री उघडलीच नाहीं, किंवा उघडतांना तिच्या दोऱ्यांत गुंता पडला, तर ती सोडून द्यावयाची व दुसरी, म्हणजे राखीव छत्री, उघडावयाची. तिसरी नसते.

या दोन छत्र्यांमध्यें अमेरिकेच्या कायद्यानें जो भेद केला आहे तो मननीय आहे. मुख्य छत्रीची घडी, तिनें पुढची उडी घेणारा इसम स्वतःच घालूं शकतो. राखीव छत्रीची घडी मात्र सरकारी परवाना असलेल्या कारागिरानेंच घातली पाहिजे. या कारागिराला 'रिगर' म्हणतात; आपल्या भाषेंत त्याला शब्द नाहीं, तेव्हां तोच वापरूं. शिवाय छत्री नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याची असेल तर घडी घातल्यापासून १८० दिवस, आणि रेशमासारख्या नैसर्गिक धाग्याची असेल तर अवघे ६० दिवस ती ग्राह्य धरतात. कृत्रिम धाग्याची ही मुदत २००८ पर्यंत १२० दिवसांचीच होती. मुदत संपली कीं, छत्री एकदांही उघडली गेली नसली तरी ती सोडून, तपासून, नव्यानें बांधावी लागते. म्हणजे रिगरच्या बहुतेक कामाची गति अशी कीं, तें कोणाच्याही उपयोगीं न पडतां सहा महिन्यांनीं मोडून टाकावयाचें व पुन्हां तसेंच करावयाचें.

हें काम कसें चालतें तें थोडें सविस्तर पाहिलें पाहिजे, कारण पुढील प्रश्न त्यांतूनच उद्भवतो. रिगर प्रथम मागची मोहोर तोडतो, छत्री उलगडतो आणि टांगून ठेवतो. ती पुरती वाळलेली व हवा लागलेली नसेल तर तिची घडी घालण्याची त्याला कायद्यानेंच मनाई आहे. निदान तीन फूट रुंद व चाळीस फूट लांब असें गुळगुळीत मेज त्याच्यापाशीं असावें लागतें. कापडाचा एकेक तुकडा उजेडासमोर धरून भोंक, डाग, उसवलेली शिवण पाहावयाची. प्रत्येक दोरी या टोंकापासून त्या टोंकापर्यंत बोटांतून ओढून पाहावयाची. पट्ट्यांवरील टांके पाहावयाचे. पिशवी बंद ठेवणारी खिटी वांकली किंवा गंजली आहे काय हें पाहावयाचें. आणि ज्या बारीक दोराच्या फांसांत ती खिटी बसते तो फांस जरासा जरी झिजला असला तरी बदलावयाचा. घडी दाबून धरण्यासाठीं लागणाऱ्या तात्पुरत्या खिट्या व हत्यारें कामाच्या आरंभीं मोजून ठेवावयाचीं आणि पिशवी मिटल्यावर पुन्हां मोजावयाचीं, कारण त्यांतलें एखादें आंत राहिलें तर छत्री बाहेर येईलच असें नाहीं. तात्पुरत्या खिटीला लांब, भडक रंगाची फीत बांधतात ती एवढ्याचसाठीं. शस्त्रवैद्य पोट शिवण्यापूर्वीं कापसाचे बोळे मोजून घेतो, तशांतलाच हा प्रकार. सरतेशेवटीं एक बारीक तांबडा दोरा गुंफून त्यावर शिशाची मोहोर दाबतात. प्रत्येक रिगरच्या मोहोरेची खूण निराळी असते. छत्रीबरोबर राहणाऱ्या एका कार्डावर तारीख, ठिकाण व सही पडते, आणि काम संपतें. गंमत अशी कीं, हा मोहोरेचा दोरा मुद्दामच कच्चा असतो. छत्री ओढतांना तो सहज तुटला पाहिजे. कुलूप म्हणून त्याची किंमत शून्य आहे.

वापर झालेला नसतांना इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणास वाटेल. न वापरलेली वस्तु जशीच्या तशी राहते, ही आपली एक भाबडी समजूत आहे. पेटींत वर्षानुवर्षें एकाच घडीवर ठेवलेला शालू त्या घडीवरच चिरतो, हें आपल्या घरांतील वडील बायकांना कोणीं शिकवावें लागत नाहीं. म्हणूनच त्या तो मधून मधून काढून, घडी मोडून, निराळ्या घडीवर ठेवतात. छत्रीच्या बाबतींत याचा एक विलक्षण पुरावा १९८० नंतरच्या दशकांत मिळाला. कांहीं गोल राखीव छत्र्यांना जी जाळी लावलेली होती तिच्यांत आम्ल राहून गेलें होतें. छत्री पिशवींत निवांत मिटलेली असतांना हें आम्ल शेजारच्या नायलॉनला आंतल्या आंत खात होतें. बाहेरून मोहोर शाबूत, कार्ड शाबूत, कापडही दिसावयास चांगलें. पण ओढून पाहिलें कीं फाटे. तेव्हांपासून अशा छत्र्यांच्या जाळीवर ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हें रंग बदलणारें द्रव्य लावून आम्लाची परीक्षा करावी, व कापडाला मोजका ताण देऊन पाहावा, अशी पद्धत पडली. मुख्य छत्री सोडून देण्याची तीन कड्यांची जी सुंदर युक्ति बिल बूथ या अमेरिकन गृहस्थानें काढली, तींतील नायलॉनचा पट्टा देखील एकाच वळणांत राहून ताठरतो. तो महिन्यांतून एकदां सोडून, वांकवून, मुरडून पुन्हां जोडावा अशी सूचना असते. स्वस्थ पडून राहण्यानेंही वस्तूचें वय होतच असतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या धंद्यांत एका अपराधाला 'पेन्सिलीनें घातलेली घडी' अशा अर्थाचें टोपणनांव आहे. छत्री न सोडतां, न पाहतां, नुसती कार्डावर नवी तारीख घालून सही करावयाची, मोहोर बदलावयाची आणि मजुरी घ्यावयाची, असा तो अपराध. असें करणारा मनुष्य आपण लुच्चा न धरतां, एरवीं सर्व बाबतींत सज्जन असा धरूं, म्हणजे प्रश्नाला धार येईल. सहा महिन्यांपूर्वीं ही घडी त्यानें स्वतःच उत्तम घातली आहे. मध्यंतरीं धन्यानें एकही उडी घेतलेली नाहीं; पिशवी कोरड्या खोलींत टांगलेली होती. शिवाय छत्री वारंवार हाताळल्यानें कापड झिजतें व त्यांतून हवा अधिक निसटूं लागते, हेंही खोटें नाहीं. मग तो म्हणतो, "आंत काय आहे तें मला ठाऊक आहे. उगाच उकलून काय मिळणार?" तो सही करतो. पुढल्या सहा महिन्यांत ती छत्री कोणी उघडत नाहीं. पुढच्या खेपेस तो सगळें काम यथासांग करतो, आणि छत्री खरोखरच निर्दोष निघते. कोणाचें कांहींच बिघडलें नाहीं. मग वाईट तें काय झालें?

प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत गायजीस नांवाच्या धनगराची कथा आली आहे. त्याला एक अंगठी सांपडली. ती फिरवली कीं तो कोणास दिसेनासा होई. अशी अंगठी मिळाल्यावर कोण न्यायानें वागेल, असा तेथें सवाल आहे. रिगरच्या हातांतली पेन्सिल ही तीच अंगठी होय. किंबहुना तिच्याहून वरचढ, कारण गायजीसच्या कृत्यांचे परिणाम तरी लोकांना दिसत, येथें बहुतेक वेळां परिणामच होत नाहीं.

फलावरून कर्माची किंमत करणारे पंडित म्हणतील कीं, धोका वाढला हेंच वाईट झालें. हें उत्तर खरें असलें तरी मला अपुरें वाटतें. त्यानें प्रश्न केवळ हिशेबावर आणून सोडला. आणि आपल्या रिगरचा हिशेब कदाचित् बरोबरही असेल. मला दिसतें तें असें: कार्डावरची ओळ 'ही छत्री चांगली आहे' असें म्हणतच नाहीं. ती म्हणते, 'या तारखेस मी ही पाहिली.' छत्री चांगली निघाली म्हणून तें विधान खरें होत नाहीं. उडी घेणारा मिटलेल्या पिशवीच्या आंत पाहूं शकत नाहीं. त्यानें मजुरी देऊन जें घेतलें तें दुसऱ्याचें पाहणें. आंधळ्याला हात धरून रस्ता ओलांडून देणाऱ्यानें स्वतः डोळे मिटून घेतले, आणि दोघेही पलीकडे सुखरूप पोंचले, तर त्या आंधळ्याला फसविलें गेलें नाहीं असें आपण म्हणूं काय?

या विचाराला एक अडचणीची शेंपटी आहे. अशा दोघांनीं पेन्सिल चालविली; एकाची छत्री उघडली, दुसऱ्याची उघडली नाहीं. जग एकाला मनुष्यघातकी म्हणेल व दुसऱ्याचें नांवही त्याला कळणार नाहीं. दोघांमधील फरक त्या दोघांनाही ठाऊक नसलेल्या गोष्टींत होता. शिक्षेंत भेद व्हावा हें समजूं शकतें, कारण मृताच्या माणसांना कोणास तरी जाब विचारावयाचा असतो. अपराधांत मात्र भेद करण्यास मला जागा दिसत नाहीं. हें मत कठोर आहे हें मी जाणतों. पण तें सोडलें तर सद्वर्तन हें नशिबाच्या हवालीं करावें लागतें, आणि तें मला त्याहून कठोर वाटतें.

यावर एक लोकप्रिय तोडगा आहे: घडी घालणाऱ्यालाच ती छत्री बांधून उडी मारावयास लावा. अमेरिकन नौदलानें १९२४ सालीं न्यू जर्सींतील लेकहर्स्ट येथें या कामाची शाळा काढली. तेथून शिकून बाहेर पडणाऱ्यास स्वतः बांधलेल्या छत्रीनें उडी घ्यावी लागे. दुसऱ्या महायुद्धांत अशा सक्तीमुळें सदोष छत्र्यांचें प्रमाण एका दिवसांत शून्यावर आलें, अशीही गोष्ट व्याख्यानांतून फार फिरते. ती इतकी सुबक आहे कीं दंतकथाच मानावी. लेकहर्स्टच्या रिवाजाबद्दल मला आदर आहे, पण त्याचा अर्थ मी निराळा लावतों. काण्टनें १७८५ च्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत, अजाण गिऱ्हाइकालाही योग्य दर लावणाऱ्या दुकानदाराचें उदाहरण घेतलें आहे. दुकान चालावें म्हणून तो तसें करीत असेल तर तें शहाणपण झालें, सचोटी झाली असें नाहीं. जिवाच्या भीतीनें नीट घडी घालणारा त्याच दुकानदाराचा भाऊ. आणि भीति तरी खरोखर कामीं येते काय? या खेळाच्या मैदानावर पाहावें: स्वतःच्याच जिवाची मुख्य छत्री लोक पुढचें विमान गांठण्याच्या घाईंत, गप्पा मारीत, कांहीं मिनिटांत गुंडाळतात, आणि परक्याची राखीव छत्री रिगर तास न् तास खर्चून बांधतो. स्वतःच्या बाबतींत मनुष्य 'चालेल' हा शब्द फार लवकर उच्चारतो. कायदा करणाऱ्यांनीं हें ओळखलेलें दिसतें. म्हणूनच शेवटची आशा त्यांनीं ज्याची त्याच्याकडे न सोंपवितां तिऱ्हाइताच्या हातीं दिली. लेकहर्स्टची उडी मला धाक वाटत नाहीं. ज्या अनोळखी मनुष्यासाठीं आपण आयुष्यभर दोऱ्या ओढून पाहणार, त्याच्या जागीं एकदां उभें राहून येणें, एवढाच तिचा अर्थ.

यंत्रानें ही अडचण सुटेल अशी आशा कोणी करील, तर तेंही झालें नाहीं. १९९१ सालीं जर्मनींत 'सायप्रेस' नांवाचें एक उपकरण निघालें. उडी घेणारा बेशुद्ध झाला, किंवा भान हरपून सुमारें ७५० फुटांपर्यंत वेगानें खालीं आला, तर तें आपोआप राखीव छत्रीचा फांस कापतें. त्यानें पुष्कळांचे प्राण वांचविले. पण तें फक्त दोरा कापतें. त्यानंतर जें बाहेर यावयाचें तें रिगरनें आंत ठेवलें असेल तेंच.

आपल्याकडे तपासणी म्हणजे अविश्वास असें एक समीकरण बसून गेलें आहे. सार्वजनिक संस्थेंत कोणी हिशेबाची वही मागितली कीं चिटणीस दुखावतो, "माझ्यावर भरंवसा नाहीं काय?" हा प्रश्न ऐकून विचारणारा बापडा खजील होतो आणि वही मिटलेलीच राहते. भले भले लोक असे दुखावतात, आणि त्यांच्या भलेपणाबद्दल शंका नसते, ही त्यांतली खरी पंचाईत. रिगरच्या धंद्यांत ही भाषाच संभवत नाहीं. त्याच्या मोहोरेवर त्याची खूण आहे ती त्याच्याबद्दल संशय म्हणून नाहीं, तर कोणाच्या नजरेवर आपण विसंबत आहों हें कळावें म्हणून. आणि ती मोहोर तोडणारा बहुधा तो स्वतःच असतो. आपल्याच हातचें, आपल्याच सहीचें काम तो सहा महिन्यांनीं परक्यासारखें उकलतो. त्याचा अविश्वास झालाच तर काळावर असतो.

ज्याचे प्राण राखीव छत्रीनें वांचले त्यानें आपल्या रिगरला मद्याची एक उत्तम बाटली नेऊन द्यावी, असा या मंडळींत प्रघात आहे. प्रघात गोड आहे. मात्र ज्या शेंकडों छत्र्या रिगरनें बांधल्या आणि ज्या कधीं उघडल्याच नाहींत, त्यांबद्दल कोणी कांहीं आणीत नाहीं, आणि त्याची तशी अपेक्षाही नसते. निष्काम कर्माची चर्चा आपण पुष्कळ करतों. पण फलाची आशा सोडणें निराळें, आणि फल मुळीं दिसणारच नाहीं अशा कामांत रोज सकाळीं हात घालणें निराळें.

मुदत भरली कीं पिशवी पुन्हां मेजावर येते. मोहोर तुटते, छत्री टांगली जाते, उजेडासमोर धरली जाते. दोऱ्या बोटांतून फिरतात. बहुधा सर्व कांहीं ठेवलें होतें तसेंच असतें. हत्यारें मोजलीं जातात, तांबडा दोरा गुंफला जातो, कार्डावर मागच्या ओळीखालीं नवी ओळ येते. धनी येऊन पैसे देतो आणि पिशवी खांद्याला लावून निघून जातो. आंत काय पाहिलें हें तो विचारीत नाहीं. आणि विचारलेंच, तरी तें आतां त्याला दाखवितां यावयाचें नाहीं.