रान, श्रम आणि अर्थ

मराठीतील ‘रान’ हा शब्द अरण्य आणि शेतजमीन या दोहोंसाठी वापरला जातो. गुरे चरतात ते रान, आणि पेरणीपूर्वी नांगरून ठेवलेले तेही रानच. ग्रामीण जीवनाला रानातून लाभणाऱ्या अर्थाचे स्वरूप काय, या प्रश्नाच्या विचारात हा शब्दप्रयोग लक्षणीय ठरतो. कारण निसर्ग आणि श्रम यांची फारकत त्याला मान्य नाही.

सौंदर्यवादी भूमिका अर्थाचा उगम निरपेक्ष अवलोकनात मानते. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मधील (१९५६) बारा महिन्यांचे चित्रण अशा अवलोकनाचे श्रेष्ठ उदाहरण होय. मात्र ज्याचे वर्षाचे धान्य पावसावर अवलंबून आहे, त्याला आभाळाकडे निरपेक्षपणे पाहता येत नाही. म्हणून त्याची सौंदर्यदृष्टी उणी ठरते काय? पळसखेड्यात शेती करणाऱ्या ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) या शंकेचे निरसन करतात. तेथे पिकाची ओढ आणि पिकाचे देखणेपण ही एकाच जाणिवेची दोन अंगे आहेत.

तथापि, श्रम केल्याने अर्थ आपोआप लाभतो असे मानणे ही दुसरी भाबडी समजूत आहे. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) शिकू पाहणाऱ्या मुलाला मळ्यातील काम जखडून ठेवते. तेथे मातीशी असलेले नाते लादलेले आहे. त्याला ‘मातीची ओढ’ म्हणणे म्हणजे सक्तीला मूल्याचा दर्जा देणे होय. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ पडतो आणि धनगरांना गाव सोडावे लागते. बाहेरून आलेल्या मास्तराचेही गावाशी नाते जडलेले असते; परंतु त्याची हानी आणि मेंढरांवर जगणाऱ्यांची हानी एकाच मापाने मोजता येत नाही.

यावरून दोन अटी निष्पन्न होतात. रानाच्या सुकाळ-दुष्काळाची झळ स्वतःला लागण्याइतके त्यात गुंतलेले असणे, ही पहिली. आणि ते सोडण्याची मोकळीक असूनही त्याला स्वीकारणे, ही दुसरी. पहिली नसेल तर उरते ती केवळ रसिकता. दुसरी नसेल तर वेठ. ग्रामीण साहित्यातील निसर्गप्रतिमांची वर्गवारी करून थांबणारी समीक्षा या दोन्ही अटींना वगळते. या रानाला अर्थ कोण देतो आहे आणि त्याचे मोल कोण चुकते करतो आहे, हा प्रश्न विचारल्यावाचून तिचे रसग्रहणही अपुरेच राहते.