शाळेची वाट आणि दाद मागण्याचा हक्क

भोसरी, मोशी, कुरुळी आणि चाकण या गावांतून जाणाऱ्या पुणे–नाशिक महामार्गावर सकाळच्या प्रहरी दोन प्रवास एकाच वेळी चालू असतात. कारखान्यांच्या बसगाड्या ठरलेल्या थांब्यांवरून कामगारांना घेऊन पहिल्या पाळीच्या आत त्यांना यंत्रापाशी पोहोचवितात, कारण कामगार वेळेवर हजर झाला नाही तर उत्पादन खोळंबते हे उद्योगाने फार पूर्वीच ओळखले आहे. आणि त्याच रस्त्याच्या कडेने, कंटेनरच्या धुरळ्यातून, त्याच कामगारांची मुले पाठीवर दप्तर घेऊन शाळेकडे पायी जात असतात. कामगाराला कामावर पोहोचविणे हा ज्या प्रदेशात उत्पादनाचा अविभाज्य भाग मानला जातो, त्याच प्रदेशात मुलाला शाळेत पोहोचविणे हा शिक्षणाचा अविभाज्य भाग का मानला जाऊ नये, हा प्रश्न कोणत्याही विचारी माणसाने स्वतःस विचारावा असा आहे. माझे प्रतिपादन असे की, घरापासून शाळेपर्यंतची वाट हा शिक्षणाच्या हक्काचाच एक अंश आहे. आणि म्हणून वाहनाची मागणी मान्य वा अमान्य करणे ही अधिकाऱ्याच्या मर्जीची बाब नसून तो हक्काविषयीचा निवाडा आहे, ज्याची कारणे लेखी दिली गेली पाहिजेत आणि ज्याविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग सामान्य पालकाच्या आवाक्यात असला पाहिजे.

या पट्ट्याची घडण ध्यानात घेतल्यावाचून प्रश्नाचे स्वरूप उमगणार नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका आली. पुढे उद्योगांचा ओघ इंद्रायणी ओलांडून चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, सावरदरी या गावांच्या शिवारांत पसरला. शाळा मात्र मुख्यतः जुन्या गावठाणांच्या आश्रयाने वाढल्या होत्या, आणि मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्या जेथे जागा स्वस्त मिळाली तेथे, शिवाराच्या कडेस आणि महामार्गाच्या पलीकडे, उभ्या राहिल्या. वस्ती आणि शाळा यांच्यामध्ये अशा रीतीने जे अंतर पडले ते पालकांच्या निवडीचे फळ नाही. भूखंडांचे नियोजन करताना कारखान्यांच्या रस्त्यांची आखणी झाली आणि मुलांच्या वाटेची झाली नाही, याचा तो परिणाम आहे.

कायद्याने या वाटेचा विचार केलेला नाही असे म्हणता येत नाही. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या अनुच्छेद २१-अ मधील अभिवचन २००९ च्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियमाने प्रत्यक्षात आणावयाचे ठरविले, आणि त्या अधिनियमाने हक्क दिला तो कोठल्याही शाळेचा नव्हे, तर परिसरातील शाळेचा. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अशी परिसराची मर्यादा घालून दिली. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तर याहून महत्त्वाचे तत्त्व आहे: जेथे पूर, दरडी, रस्त्यांचा अभाव किंवा शाळेच्या वाटेवर लहान मुलांना एकंदर धोका असेल, तेथे अंतराची मर्यादा कमी करावी, आणि ज्या लहान वस्त्यांना परिसरात शाळाच नाही, त्यांच्यासाठी मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय करावी. अपंग बालकांच्या बाबतीत २०१६ चा दिव्यांगजन हक्क अधिनियम आणखी स्पष्ट आहे, कारण त्यात मुलाच्या आणि गरज असल्यास त्याच्या सोबत्याच्याही वाहतुकीची तरतूद आहे. समग्र शिक्षा योजनेत पात्र विद्यार्थ्यामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंतच्या वाहतूक साहाय्यास मान्यता आहे. तेव्हा तत्त्व मान्य आहे आणि तरतूदही आहे. उणीव आहे ती निर्णयाच्या पद्धतीत.

ही उणीव प्रथम मोजणीतच प्रकट होते. नकाशावर सरळ रेषेत मोजलेले एक किलोमीटर आणि सात वर्षांच्या मुलीने सकाळी चालावयाचे एक किलोमीटर या दोन भिन्न वस्तू आहेत. तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्ता जेथे महामार्गाला मिळतो, तेथे अवजड वाहनांच्या रांगांमधून रस्ता ओलांडणे प्रौढालाही दुष्कर असते. अशा चौकाच्या पलीकडील शाळा अंतराने जवळ असली तरी पोहोचण्याच्या दृष्टीने दूर आहे. इंग्लंडमध्ये, जेथे १९४४ च्या शिक्षण कायद्यापासून आठ वर्षांखालील मुलांसाठी दोन मैल आणि मोठ्यांसाठी तीन मैल अशी मर्यादा रूढ आहे, नेमका हाच वाद १९८६ मध्ये एसेक्स कौंटी कौन्सिल विरुद्ध रॉजर्स या खटल्याच्या रूपाने हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेला होता. निर्णय असा झाला की, सोबतीला आवश्यक ते माणूस असता मूल ज्या वाटेने वाजवी सुरक्षिततेने चालू शकते, ती वाट उपलब्ध समजावी. निकाल कौन्सिलच्या बाजूने लागला, पण त्यातून जो प्रश्न उभा राहतो तो आपल्या पट्ट्यात फार तीव्र आहे: सोबतीला जावयाचे कोणी? जेथे बाप पहिल्या पाळीला आणि आई कंत्राटी कामावर किंवा धुण्याभांड्यांना पहाटेच बाहेर पडते, तेथे सोबत गृहीत धरून वाहन नाकारणे म्हणजे कुटुंबाला रोजगार आणि शिक्षण यांपैकी एक निवडावयास सांगणे होय.

महाराष्ट्राने या प्रश्नाची कठोर रूपे पाहिली आहेत. सातारा जिल्ह्यातील खिरखंडी गावच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवीत आणि पुढे जंगलातून चालत शाळेत जातात, हे वृत्त वाचून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्वतः होऊन दखल घेतली. त्याच वर्षी इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची शाळा बंद झाली तेव्हा मुलांनी शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेकडे पायी मोर्चा नेला आणि ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ अशी मागणी केली. या दोन्ही प्रसंगी राज्यकर्त्यांच्या कानी गाऱ्हाणे पोहोचले याचे समाधान वाटते. पण एके ठिकाणी वृत्तपत्राने आणि न्यायमूर्तींच्या संवेदनशीलतेने, तर दुसऱ्या ठिकाणी मुलांच्या पायपिटीने ते पोहोचले, कायद्याने नेमून दिलेल्या दाद मागण्याच्या मार्गाने नव्हे, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. ज्या वस्तीचे दुःख वृत्त होण्याइतके विलक्षण नसते, तिने काय करावे? चाकणच्या कडेला रोज रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचे संकट इतके नित्याचे आहे की त्याचे वृत्त होत नाही.

अशांसाठीच शिक्षणहक्क अधिनियमाचे कलम ३२ आहे. बालकाच्या हक्काविषयी गाऱ्हाणे असलेली कोणतीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते. संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांच्या मुदतीत तिचा निर्णय व्हावा लागतो. आणि त्या निर्णयाने समाधान न झाल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. ही तरतूद मौल्यवान आहे, परंतु तिच्या उपयोगास दोन अडथळे आहेत. पहिला असा की, ज्या संस्थेने वाहन दिले नाही तिच्याकडेच पहिली तक्रार करावयाची असते. दुसरा अधिक गंभीर आहे: नकार बहुधा कागदावर येतच नाही. पालक कचेरीत जातो, ‘तशी योजना नाही’ किंवा ‘वरून आदेश नाही’ असे तोंडी ऐकतो आणि परततो. लेखी आदेश नसला म्हणजे तारीख नाही, कारण नाही, अपिलाचा विषयही नाही; त्याने मुंबईच्या आयोगापुढे कशाविरुद्ध दाद मागावी? माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातील कलम ४ प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींस कळविण्याचे कर्तव्य सांगते, आणि मोहिंदरसिंग गिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये घालून दिलेले तत्त्व असे आहे की, आदेशाची ग्राह्यता त्यात नमूद केलेल्या कारणांवरच ठरते, मागाहून सुचलेल्या सबबींवर नव्हे. पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती होता. ज्या काळात नगरसेवकाकडे जाण्याची वाट बंद असते, त्या काळात लेखी, सकारण आदेश हाच सामान्य माणसाचा एकमेव आधार असतो.

यावर आक्षेप घेतले जातात आणि त्यांचा विचार करणे न्याय्य आहे. पैसा अपुरा आहे, हा पहिला. पैसा अपुरा असेल तर अधिक धोक्याच्या वाटेला अग्रक्रम द्यावा, आणि अग्रक्रम लावावयाचा म्हणजे प्रत्येक अर्जाची पाहणी करून कारणे नोंदवावयाची. टंचाई हा सकारण निर्णयाच्या विरुद्धचा नव्हे, त्याच्या बाजूचा युक्तिवाद आहे. महापालिकेच्या शाळांतील मुलांना पीएमपी या सार्वजनिक बससेवेचा मोफत पास मिळतो, असे दुसरे उत्तर दिले जाते. तो पास स्तुत्य आहेच, परंतु त्या वाटेने शाळेच्या वेळेस बस धावत असेल तरच त्याला अर्थ आहे. कामगार फिरते असतात, आज येथे तर उद्या तेथे, हा तिसरा आक्षेप. पण स्थलांतरित कुटुंबांतील बालकांचा प्रवेश सुनिश्चित करण्याचे कर्तव्य शिक्षणहक्क अधिनियमाच्या कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावरच टाकले आहे. आणि अंतरावर बोट ठेवून नकार दिला जात असेल, तर अंतराचा नियम मुलाच्या रक्षणासाठी असतो, त्याला अडविण्यासाठी नव्हे, हे ध्यानात घ्यावे. शासकीय वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्के राखीव प्रवेशांतून सूट देणारी फेब्रुवारी २०२४ ची दुरुस्ती उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली, तेव्हा हेच तत्त्व अधोरेखित झाले.

करावयाचे ते अवघड नाही. महापालिका, चाकण नगरपरिषद आणि जिल्हा परिषद यांनी वाहतुकीच्या प्रत्येक मागणीची पोच द्यावी. मुलाच्या चालण्याच्या वेळी प्रत्यक्ष वाट पाहून पंचनामा करावा आणि अंतराबरोबर चौक, प्रकाश, पाणी साचण्याच्या जागा व अवजड वाहतूक यांची नोंद घ्यावी. निर्णय मराठीत, कारणांसह द्यावा आणि त्याच कागदावर अपील कोठे व कसे करावयाचे ते छापावे. आणि मूळ निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने नव्हे, दुसऱ्या ज्येष्ठ अधिकाऱ्याने तक्रारीची सुनावणी करावी. पालकांनीही तोंडी नकार घेऊन परतू नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, तीन महिन्यांची मुदत मोजावी, आणि एकेकट्याने जाण्याऐवजी एका वस्तीतील पालकांनी मिळून जावे, कारण वाट सर्वांची एकच असते. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना कायद्याने बहुमत दिले आहे ते अशाच कामासाठी.

कामगाराने अर्ज करणे आणि अपील करणे याकडे कचेरीने उपद्रव म्हणून पाहू नये. ज्या नागरिकाला आपल्या मुलाच्या वाटेबद्दल लेखी उत्तर मागावेसे वाटते, तो त्या शहराला आपले मानू लागला आहे. आणि ज्या शहराची भरभराट त्याच्या श्रमावर उभी आहे, ते शहर त्याला उत्तर देणे लागते. ते उत्तर कधी नकाराचेही असेल, परंतु ते कारणांसह दिले गेले आणि त्याविरुद्ध वर जाण्याची वाट खुली राहिली, तरच परिसरातील शाळेचा हक्क कायद्याच्या पुस्तकाबाहेर येऊन मुलाच्या पदरी पडेल.