मोरीखालचं पाणी

भोरकडून कात्रजच्या डेअरीला रोज संध्याकाळी दुधाचा एक टेम्पो यायचा. ड्रायव्हर सैन्यातून निवृत्त झालेला, साताऱ्याकडचा. सगळे त्याला मेजर म्हणत. होता तो साधा जवान. पण आपल्याकडे पलटणीतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. क्लीनर अठरा वर्षांचा पोरगा. त्याला लवकर स्टिअरिंगवर बसायचं होतं.

जूनचे पहिले दिवस. शिंदेवाडी मागे पडली, टेम्पो घाट चढू लागला आणि पाऊस कोसळला. जुन्या बोगद्याच्या अलीकडे, एका वळणावर मोरी होती. ओढ्याचं पाणी मोरीवरून रस्त्यावर आलं होतं. मेजरने ब्रेक दाबला.

"ओसरू दे. मग जाऊ."

मागे गाड्यांची रांग लागली. पंधरा मिनिटांत रस्त्यावरचं पाणी ओसरलं. मग मोरीखालचंही आटलं. पाऊस मात्र तसाच धो धो.

"मेजर, रस्ता मोकळा झाला," पोरगा म्हणाला. "काढा गाडी."

मेजर छत्री न घेताच उतरला. त्याने मोरीखाली बॅटरी मारली. दगडांवर चिखलाचा थर, मधून बोटभर धार, तीही लालभडक. त्याने वर डोंगराकडे पाहिलं. मग येऊन टेम्पो सुरू केला आणि रस्त्यात आडवा लावला.

हॉर्नचा एकच कल्ला झाला. लोक उतरून शिव्या देऊ लागले. पोरगा लाजेने काळाठिक्कर पडला.

"मेजर, दूध नासंल. मालक पगार कापंल."

"कापू दे."

"पण पाणी तर थांबलंय!"

"म्हणूनच," मेजर म्हणाला. "लेका, पाऊस थांबलाय का? मग पाणी गेलं कुठं?"

पोरग्याला उत्तर सुचेना. मेजरने डोकं पुसलं.

"मी काश्मीरला होतो तेव्हाची गोष्ट. दोन दिवस बर्फ पडलं. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन. आम्ही नवे गडी म्हणालो, चला आता. उस्ताद म्हणाला, आज कुणी हलायचं नाही. जुन्या बर्फावर नवं बर्फ पडलं की ते धरून बसायला वेळ लागतो. तोवर अख्खा थर घसरू शकतो. आम्ही मनात त्याला भित्रा म्हणालो. दुपारी समोरची उतरण खाली आली. आमची वाट तिथूनच जात होती."

त्याचं बोलणं पुरं झालं नव्हतं, तोच वरून घरघर ऐकू आली. लांबून ट्रक चढत यावा तशी. मग मुरूम, धोंडे, उन्मळलेली झाडं आणि त्यामागून तुंबलेलं सगळं पाणी एकदम मोरीवर आदळलं. टेम्पोच्या पुढे वीस पावलांवर रस्ता दिसेनासा झाला.

हॉर्न बंद झाले.

रात्रभर कुणाला हलता आलं नाही. मेजरने कॅन उघडले आणि गाड्यांतल्या पोराबाळांना दूध वाटलं. सकाळी पोरगा ओढ्याच्या कडेने वर चढून पाहून आला. वर कुणीतरी प्लॉट पाडायला डोंगर कापला होता आणि मुरूम ओढ्यात लोटला होता. त्या बांधामागे पाणी साठलं, म्हणून खाली मोरी कोरडी पडली.

मालकाने दोघांचा दिवसाचा पगार कापलाच. पोरगा कुरकुरला नाही. पुढे तो ड्रायव्हर झाला. त्याच्या हाताखाली नवा क्लीनर आला, तेव्हा पहिल्याच पावसात त्याने त्याला एवढंच सांगितलं, "ओढा वाजतोय तोवर पाणी कुठं आहे ते कळतं. भर पावसात गप्प झाला, की गाडी थांबवायची."

ही झाली गोष्ट. घडलेलं असं: जून २०१३ मध्ये याच घाटात, शिंदेवाडीजवळ, फोडलेल्या डोंगरावरून पाण्याचा लोंढा महामार्गावर आला आणि गाडीने चाललेल्या मायलेकी वाहून गेल्या. त्या रात्री रस्त्यात आडवा टेम्पो नव्हता.