हरवलेल्या तारखा आणि न हरवलेली बांधिलकी

जुना संगणक थकतो आणि नवा घरात येतो. पत्रे, छायाचित्रे, हिशेब यांची नव्या घरी यथासांग पाठवणी होते. आठवडा-पंधरवडा उलटल्यावर ध्यानात येते, की दिनदर्शिका मात्र कोरी आहे. नातलगांचे वाढदिवस, आप्तांच्या पुण्यतिथी, विम्याचे हप्ते, शेजारच्या वृद्धाला तपासणीसाठी नेण्याचा ठरलेला दिवस, सारे नाहीसे झालेले असते. हा अनुभव आज अनेक कुटुंबांना येतो आणि बहुधा तो तांत्रिक तक्रार म्हणूनच सांगितला जातो. आम्हाला मात्र त्यात एक जुना नैतिक प्रश्न दिसतो. नोंद नाहीशी झाली, म्हणजे त्या नोंदीने बांधलेला माणूसही मोकळा होतो काय?

आधी वस्तुस्थिती पाहू. अशा प्रसंगी नोंदी सहसा नष्ट झालेल्या नसतात, मागे राहिलेल्या असतात. उदाहरणार्थ, पीओपी पद्धतीच्या खात्यात आउटलुक आपली दिनदर्शिका पीएसटी नावाच्या फाइलमध्ये, त्याच संगणकावर साठवते. नव्या यंत्रावर खाते उघडले, की सर्व्हरवर शिल्लक असलेली पत्रे तेवढी येतात. दिनदर्शिका जुन्या यंत्रातच पडून राहते. म्हणून जुना संगणक विकण्याची वा पुसून टाकण्याची घाई करू नये. ती फाइल शोधून नव्या यंत्रात आणता येते. संगणक सुरूच होत नसेल, तर त्याची डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते. १९९८ साली आयकॅलेंडर हा सामाईक नमुना प्रसिद्ध झाला. त्यामुळे एका प्रणालीतील नोंदी दुसरीत नेणेही शक्य झाले. त्या नमुन्यात दरवर्षीचा वाढदिवस वर्षागणिक लिहिलेला नसतो. एकच नोंद आणि ‘दरवर्षी’ असा एक नियम पुरतो. साहजिकच ती एक नोंद गळाली, की त्या माणसाचे पुढचे सारे वाढदिवस गळतात.

लिहून ठेवल्याने स्मरणशक्ती दुबळी होते, हा आक्षेप फार जुना आहे. प्लेटोच्या ‘फेड्रस’ या संवादात सॉक्रेटिस एका इजिप्शियन राजाची कथा सांगतो. लेखनकलेच्या देणगीमुळे माणसे विसराळू होतील, असे त्या राजाला वाटते. परंतु हा आक्षेप जसाच्या तसा स्वीकारणे आम्हाला कठीण जाते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मग्रामात विवाहांची नोंदवही ठेवण्याचा दंडक घातला, तो स्मरणावर विसंबणे अन्यायाचे ठरते म्हणूनच. आजही एखाद्याचा विवाह झाला, की त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीत त्याची भर घालावी लागते. लिहिणे हा जबाबदारीचाच एक भाग आहे. दोष शिरतो तो लिहून झाल्यावर ‘आता यंत्र पाहून घेईल’ असे आपण मनाशी म्हणतो तेव्हा.

तारखा खरोखरच हरवल्याचा एक प्रसंग इतिहासात आहे. परमगुरू तेरावे ग्रेगरी यांनी पंचांग सुधारले तेव्हा १५८२ च्या ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर म्हणून मोजला गेला. आविलाच्या संत तेरेजा यांचे निधन त्याच रात्री झाले. मधल्या दहा तारखा पंचांगातून गेल्या. पण त्या तारखांना देय असलेले पैसे बुडाले नाहीत. कोणाचे नुकसान होऊ नये म्हणून अशा देण्यांच्या मुदतीत दहा दिवस मिळवावेत, असे परमगुरूंच्या आज्ञापत्रातच सांगितले होते. पंचांग बदलले, ऋण तसेच राहिले.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ९४९ वे कलम याहून स्पष्ट आहे. एखाद्या हेतूसाठी मिस्सा अर्पण करण्याकरिता धर्मगुरूंनी दान स्वीकारले आणि त्यांचा काहीही दोष नसताना ते हरवले, तरी मिस्सा अर्पण करण्याचे बंधन कायम राहते. दोष नाही म्हणून बंधनही नाही, असा सोयीचा हिशेब तेथे चालत नाही. हाच न्याय घरातल्या दिनदर्शिकेला लावून पाहावा. शब्द दिला होता तो माणसाला; यंत्राने तो केवळ जपून ठेवला होता.

यावर कोणी म्हणेल, जे आठवतच नाही ते पाळायचे कसे? अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरही नसते, हे नीतिशास्त्राला मान्य आहे. परंतु काहीतरी हरवले आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर शोधण्याचे बंधन येतेच. तो शोध जुन्या डिस्कपाशी संपत नाही. फाइल हाती लागली नाही, तर फोन उचलावा आणि सरळ विचारावे, “काकी, तुमच्याकडे यायचे ठरले होते, तो वार कोणता?” असे विचारताना थोडे ओशाळल्यासारखे होते खरे, पण काकींच्या ताटकळण्यापेक्षा ते ओशाळणे बरे.

आणि फाइल सापडलीच, तरी एक काम उरते. परत आलेल्या नोंदींत दिवंगतांची नावेही परत येतात. आजीला जाऊन वर्षे लोटली, हे यंत्राला कळत नाही. तिच्या वाढदिवसाची घंटा ते पूर्वीसारखीच वाजवते. ती नोंद पुसावी, की त्या दिवशी तिच्यासाठी प्रार्थना करून तिच्या वयाच्या एखाद्या एकाकी बाईकडे जाऊन यावे, हे आपणच ठरवायचे असते. नव्या संगणकात दिनदर्शिका भरताना अशा एकेका नावापाशी क्षणभर थांबावे, एवढेच आमचे वाचकांना सुचवणे आहे.