भाडं कुणाच्या हक्काचं?

मुंबईतल्या १९९५ पासूनच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत खोली पाडली की नवी इमारत उभी राहीस्तोवर बिल्डरनं भाडं द्यायचं, नाहीतर संक्रमण शिबिरात खोली. पांढरपेशे म्हणतात, फुकट मिळतंय. फुकट कसलं? आपण जागा मोकळी केली म्हणून तो तिच्यावर विकायचे टॉवर बांधतो. भाडं ही भीक नाही, वसुली आहे.

पण मला खुपतो तो वरचा माळा. तळमजल्याचा झोपडीधारक पात्र, शिडी चढून राहणारा भाडोत्री अपात्र. छप्पर एकच, बुलडोझर एकच. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता सांगितली, ती याहून वेगळी काय होती? आणि पात्र ठरलेला आपलाच माणूस मग वर बघतही नाही, हे जास्त बोचतं.

बरं, चेक आला. घरमालक आधी आडनाव विचारतो. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांकडं संस्थानची नोकरी होती, भाड्याला पैसे होते. तरी पारशांच्या पथिकाश्रमातून हाकललंच. मग नुसता चेक वाटणाऱ्या योजनेला न्याय म्हणायचं का? थकलेल्या भाड्यासाठी मोर्चा काढतो तसा दार नाकारणाऱ्यावरही काढू. आणि वरच्या माळ्याच्या अर्जावर पहिली सही तळमजल्यावाल्यानं करावी.